मोजलेलं आणि मानलेलं

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी हा ग्रह जगभर गाजला. सिंह राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर, एका लाल खुज्या ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी पूर्ण करणारा हा ग्रह. केंब्रिज विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून असं मांडलं, की त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच घराण्यातला डायमिथाइल डायसल्फाइड असावा. पृथ्वीवर हे वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांच्या जगण्यातून तयार होतात. झालं, परग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याचे मथळे आले आणि त्यांच्यासोबत एक सुरेख चित्रही फिरलं: निळसर ग्रह आणि मागे तांबूस तारा.

तो ग्रह तसा कोणीही पाहिलेला नाही. के२-१८बी आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश हजारात सुमारे तीन भागांनी मंदावतो, एवढंच दिसतं. हे मंदावणं प्रत्येक तरंगलांबीला किंचित वेगळं असतं. हा फरक दहा लाखांत शंभर भागांच्या आसपासचा, आणि त्यातून वातावरणातले रेणू ओळखायचे. याच पद्धतीने २०२३ मध्ये तिथे मिथेन सापडला आणि तो पुरावा भक्कम आहे. डायमिथाइल सल्फाइडचा तसा नाही. गटाने स्वतःच तो तीन सिग्मा पातळीचा असल्याचं आणि आणखी निरीक्षणं हवीत असं सांगितलं होतं. सिग्मा म्हणजे खूण निव्वळ योगायोगाची नाही याच्या खात्रीचं माप; आकडा मोठा तितकी खात्री जास्त. असा शोध पक्का मानायला सहसा पाच सिग्मा लागतो. पुढे इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली तेव्हा ती खूण टिकत नाही, असं त्यांना आढळलं. शिवाय हा वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, आणि प्रयोगशाळेत वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून, कोणत्याही जिवाविना तयारही झाला आहे.

आणि समुद्र? तो तर कुणीच मोजलेला नाही. या ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठपट आणि त्रिज्या अडीचपटीहून थोडी जास्त आहे. या दोन आकड्यांत हायड्रोजनच्या आवरणाखालचा पाण्याचा समुद्र बसतो. वितळलेल्या खडकाचा समुद्रही बसतो. नेपच्यूनसारखा, पाय टेकवायला जागाच नसलेला वायूचा ग्रहही बसतो. चित्रकाराने तिघांतला एक निवडला, आणि वाचकाला निवड झाल्याचं कळलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. परग्रहांची आणि तिथल्या जिवांची कल्पना करायलाच हवी, भरपूर आणि धीटपणे करायला हवी. पण त्या कल्पनेच्या शिवणी बाहेरून दिसल्या पाहिजेत. कुठे मोजलेलं संपतं, कुठे हिशोबाने काढलेलं सुरू होतं आणि कुठून पुढे निव्वळ मानलेलं आहे, हे चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या प्रत्येकाने दाखवलं पाहिजे. ही जबाबदारी सर्वांत आधी त्या संस्थांची आहे, ज्या लोकांच्या पैशाने दुर्बिणी उभारतात आणि लोकांसमोर ही चित्रं ठेवतात.

कल्पनेची गरजच काय, आकडे आले की बोलू, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. त्यांचा सावधपणा मला समजतो, पण तो मार्ग मला पटत नाही. कारण कल्पना न करता उपकरणच बनत नाही. १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग मोहिमेची दोन यानं मंगळावर उतरली तेव्हा त्यांच्या पोटात जीव शोधणारे तीन प्रयोग होते. त्यातल्या एकात मंगळाच्या मातीवर पोषकद्रव्यांचं पाणी शिंपडलं. त्या द्रव्यांत किरणोत्सारी कार्बन होता. मातीत कोणी खाणारं असेल, तर त्या कार्बनचा वायू बाहेर पडेल, असा अंदाज. वायू बाहेर पडला! पण शेजारच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय रेणूच सापडले नाहीत, आणि शरीरच नसेल तर खाल्लं कुणी, हा प्रश्न उरला. पुढे २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार तापवले की सेंद्रिय रेणू जाळून टाकतात, आणि व्हायकिंगचं ते उपकरण माती तापवूनच तपासत होतं.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या प्रयोगांच्या मुळाशी मंगळावरच्या जिवाचं एक कल्पनाचित्र होतं. तो जीव पाणी दिल्यावर खूश होईल, आपण देऊ ते खाईल, आपल्यासारखा वायू सोडेल. कोरड्या जगात अब्जावधी वर्षं काढलेल्या जिवाला अचानक आलेलं पाणी मारकही ठरू शकतं, ही शक्यता त्या चित्रात नव्हती. म्हणजे कल्पना टाळता येत नाही; ती उघड केली नाही तर उपकरणात दडून बसते. मग निकाल हाती आला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

कल्पना कमी पडल्याचं आणखी ठसठशीत उदाहरण पृथ्वीवरचंच आहे. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळाशी, शास्त्रज्ञ गरम पाण्याचे झरे शोधायला गेले. त्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ नव्हतेच, कारण त्या काळोखात बघण्याजोगं काही जगत असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिथे माणसाहून लांब वाढणाऱ्या, लाल तुऱ्याच्या नळीकृमींची दाट वस्ती सापडली. या प्राण्याला तोंड नाही, आतडं नाही. त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू झऱ्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर रसायनं घडवतात आणि यजमानाला पोसतात. सूर्यप्रकाशावर थेट न चालणारी अख्खी वसाहत आपल्याच ग्रहावर होती आणि ती आपल्या कल्पनेत नव्हती. आज गुरूचा चंद्र युरोपा आणि शनीचा चंद्र एन्सेलॅडस यांच्या बर्फाखालच्या समुद्रांत जीव शोधण्याची भाषा होते, तिच्यामागे या शोधाचा मोठा हात आहे.

तेव्हा कल्पना हवीच. प्रश्न कशी, हा आहे.

कशी नको, याचं जुनं उदाहरण अमेरिकी खगोल अभ्यासक पर्सिव्हल लॉवेल. १८९४ मध्ये त्याने अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला वेधशाळा उभारली, मंगळावरच्या सरळ रेषांचे नकाशे काढले, आणि त्या रेषा म्हणजे ध्रुवांवरचं पाणी कोरड्या प्रदेशांना पुरवणारे कालवे आहेत असं लोकांना सांगितलं. माणूस फसवा नव्हता. रात्रीमागून रात्री तो खरोखर बघत होता. पण दुर्बिणीतून डोळ्याला दिसलेले पुसट ठिपके, मनाने त्यांना जोडून केलेल्या रेषा आणि त्या रेषांमागे मानलेली संस्कृती हे तिन्ही त्याच्या नकाशांत एकाच शाईने उतरले. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९०७ मध्येच हिशोब मांडून दाखवलं होतं की मंगळ द्रवरूप पाण्याला फार थंड आहे आणि त्याची हवा फार विरळ. पण नकाशे इतके सुरेख होते की हिशोब मागे पडला. १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रं पाठवली, त्यांत विवरं होती.

कशी हवी, याचंही उदाहरण आहे. १९७६ मध्ये कार्ल सेगन आणि एडविन सॉलपिटर या खगोलशास्त्रज्ञांनी गुरूच्या वातावरणात कोणते जीव तगू शकतील यावर एका प्रतिष्ठित खगोलशास्त्रीय नियतकालिकात प्रबंध लिहिला. गुरूला जमीन नाही. तिथला जीव सतत खाली बुडत जाणार आणि पुरेसा खाली गेला की उष्णतेने नष्ट होणार. मग त्याने काय करावं? एक तर बुडण्याआधी पिल्लं घालावीत आणि त्यातली काही वरच्या झोतांनी पुन्हा उंच जावीत. नाहीतर पोटातला वायू हलका करून तरंगत राहावं. त्यांच्या हिशोबात असे तरंगणारे जीव काही किलोमीटर रुंदीचेही निघतात, आणि त्यांच्यावर जगणारे शिकारीही. या जिवांचा कोणताही पुरावा नाही, आणि तसा दावाही त्या दोघांनी केला नाही. पण बुडण्याचा वेग, तापमान, अन्नाचा पुरवठा, प्रत्येक पायरीला गणित आहे. एखादी पायरी चुकली तर कुठली चुकली, हे वाचणाऱ्याला बोट ठेवून दाखवता येतं. लॉवेलच्या नकाशात ती सोय नव्हती. दोघांतला फरक धाडसाचा नाही. गुरूवरचे जीव मंगळावरच्या कालव्यांहून कितीतरी धाडसी कल्पना आहे.

असं चित्र प्रत्यक्षात कसं काढता येईल, ते एका ग्रहावर करून पाहू. ट्रॅपिस्ट-१ हा कुंभ राशीच्या दिशेचा, सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा तारा. त्याच्या सात ग्रहांची घोषणा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्यातला चौथा, ट्रॅपिस्ट-१ई, घेऊ.

आधी मोजलेलं. त्रिज्या पृथ्वीच्या ०.९२ पट, वर्ष ६.१ दिवसांचं. हे सात ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या अधिक्रमणांच्या, म्हणजे ताऱ्यासमोरून जाण्याच्या, वेळा मागेपुढे होतात. त्यावरून ई चं वस्तुमान पृथ्वीच्या ०.६९ पट निघतं. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या नऊ टक्के, तापमान सुमारे २५६० केल्व्हिन. पृथ्वीला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या सुमारे दोनतृतीयांश ई ला मिळते. मोजलेल्याची यादी जवळजवळ इथेच संपते.

आता या आकड्यांतून हिशोबाने काय निघतं? पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण आपल्या चारपंचमांश. आकाशातला तारा आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल, पण त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त, डोळ्याला न दिसणारा. आतल्या बाजूचा शेजारी डी आणि बाहेरच्या बाजूचा शेजारी एफ, दोघेही सर्वांत जवळ येतात तेव्हा आपल्या चंद्राएवढे रुंद दिसतील. मात्र डी जवळ येतो तेव्हा तो तारा आणि ई यांच्या मध्ये असतो, त्यामुळे त्याची काळोखी बाजू ई कडे. आणि एफ जवळ येतो तेव्हा तो ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला, पूर्ण उजळलेला. हे सगळं कागदावर कुणालाही पडताळता येतं. यात कवित्व आहे, पण एकही गोष्ट बनवलेली नाही.

आणखी एक पायरी पुढे गेलं की पुराव्याची जमीन जरा मऊ लागते. ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असण्याची दाट शक्यता आहे, जशी चंद्राची आपल्याकडे. म्हणजे एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र, मध्ये संधिप्रकाशाचा गोल पट्टा. वातावरण असेल तर संगणकीय प्रारूपांत बहुधा असं दिसतं की जमिनीलगतचा वारा रात्रीच्या बाजूकडून दिवसाच्या बाजूकडे वाहतो आणि उंचावरून परत फिरतो.

आणि आता मानलेलं. समजा वातावरण आहे, पाणी आहे, संधिप्रकाशाच्या पट्ट्यात खडकाळ जमीन आहे आणि तिच्यावर प्रकाशावर जगणारं काहीतरी उगवलं आहे. त्याचं जगणं कसं असेल? तारा क्षितिजाजवळ एकाच जागी थांबलेला. म्हणून सावल्या हलत नाहीत. एखाद्या दगडामागची सावली हजारो वर्षं तिथेच, त्याच आकाराची. त्या सावलीत पडलेल्या बीजाणूला प्रकाश कधीच मिळणार नाही. हातभर सरकलेल्या भावंडाला कायम मिळेल. आपल्याकडच्या झाडाला दिवसभरात कुठूनतरी ऊन मिळतं, म्हणून पानं सगळीकडे पसरून ठेवण्यात फायदा असतो. तिथे पानाला एकच दिशा. प्रत्येक जीव ताऱ्याकडे तोंड करून उभा, पाठीमागे त्याची स्वतःची लांब सावली, आणि त्या सावलीत त्याच्याच कुजलेल्या अवशेषांवर जगणारी दुसरी, प्रकाशाशी संबंध नसलेली वस्ती. प्रत्येक उंचवट्याला एक उजेडी आणि एक काळोखी बाजू, दोन्हींकडे वेगळी जीवसृष्टी, आणि मधली सीमा बोटाने दाखवता येईल इतकी रेखीव.

रंग बहुधा काळपट. नासाच्या गोडार्ड संस्थेतल्या नॅन्सी कियांग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं होतं की मंद, लाल ताऱ्याभोवतीच्या वनस्पतींना मिळेल तो प्रकाश शोषून घ्यावा लागेल, त्यामुळे त्या काळ्याही दिसू शकतील. पृथ्वीवरचे काही सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू, आजही ७५० नॅनोमीटरपर्यंतचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश वापरतात. त्याहून लांब तरंगलांबीच्या प्रत्येक प्रकाशकणात ऊर्जा कमी, म्हणून पाणी फोडायला जास्त कण खर्ची पडतील. प्राणवायू साठायला वेळ लागेल, कदाचित साठणारही नाही.

वारा एकाच दिशेने. रात्रीच्या बाजूकडून. म्हणजे बीजाणू वाऱ्यावर सोडले तर ते उजेडाकडे, उष्णतेकडे जाणार आणि मागे राहिलेल्या जागा पुन्हा भरायला कुणी परत येणार नाही. फार हलके, उंच वाऱ्यात शिरू शकणारेच रात्रीकडे परतून पुन्हा फेरी सुरू करतील. आणि हा तारा अधूनमधून भडकतो. त्या वेळी अतिनील मारा अचानक वाढतो. सूचना मिळत नाही, कारण भडक्याची बातमी आणि त्याचा मारा एकाच वेगाने येतात. म्हणून काही सेकंदांत मिटणारी त्वचा, किंवा पाण्याच्या थराखाली राहणं, किंवा मोडलेले रेणू झपाट्याने दुरुस्त करणारी यंत्रणा.

मला हे चित्र फार आवडतं. न हलणाऱ्या सावलीचा विचार करता करता आपल्या उन्हाकडे नव्याने बघावंसं वाटतं. पण हे अख्खं चित्र वातावरण आहे या एका गृहीतावर उभं आहे. याच कुटुंबातल्या सर्वांत आतल्या बी ग्रहाला जाड वातावरण नाही, बहुधा मुळीच नाही, असं वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलं. सी ग्रहालाही शुक्रासारखं जाड वातावरण नाही. ई बद्दलच्या पहिल्या निरीक्षणांतून निर्णायक काही निघालेलं नाही, कारण ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे डाग ग्रहाच्या वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार फोडलेल्या प्रकाशात, स्वतःची खूण मिसळतात. उद्या ई उघडा खडक निघाला तर माझे काळे जीव, त्यांच्या लांब सावल्या, ते मिटणारे पापुद्रे एका क्षणात रद्द होतील. गुरुत्वाकर्षण, ताऱ्याची रुंदी आणि चंद्राएवढे दिसणारे शेजारी मात्र तसेच राहतील. वाचकाला हे दोन्ही आधीच माहीत असेल तर त्याचा विश्वास ढळणार नाही. उलट नव्या निकालाने नेमकं काय बदललं, ते त्याला माझ्याइतकंच नीट समजेल.

ही फोड न करता चित्र समोर ठेवलं की काय होतं, त्याचा एक नमुना केप्लर-१८६एफ. २०१४ मध्ये जाहीर झालेला हा ग्रह महत्त्वाचा होता, कारण जीवयोग्य पट्ट्यात, म्हणजे ताऱ्यापासून पाणी द्रवरूप राहू शकेल अशा अंतरावर, सापडलेला पृथ्वीच्या आकाराचा तो पहिलाच. त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे १.१ पट, वर्ष १३० दिवसांचं. वस्तुमान मोजलेलं नाही, वातावरणाचा पत्ता नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने पर्यटनाच्या जाहिरातीच्या धर्तीवर त्याचं पोस्टर काढलं, त्यात लाल झाडी आहे आणि पांढरं लाकडी कुंपणही. पोस्टर देखणं आहे, मुलांच्या खोल्यांत लागावं असंच आहे. माझी तक्रार लाल झाडीबद्दल नाही. ती झाडी एका शास्त्रीय युक्तिवादातून आली आहे, पण तो युक्तिवाद पोस्टरवर नाही आणि झाडीखालची जमीन, त्यावरची हवा दोन्ही अज्ञात आहेत याचीही खूण नाही. ज्या संस्थेने तो ग्रह शोधणारी दुर्बीण अवकाशात पाठवली, तिचंच नाव चित्राखाली असतं तेव्हा बघणारा ते चित्र शोधाचाच भाग मानतो. त्यात बघणाऱ्याची चूक काय?

यावर मला सहसा दोन उत्तरं मिळतात. पहिलं, चित्राखाली 'कलाकाराच्या कल्पनेतून' असं लिहिलेलं असतंच. असतं, पण ते सगळ्या चित्राला सारखंच लागू होतं. त्यात तारा लाल आहे हे मोजलेलं, ग्रह निळा आहे हे मानलेलं, आणि दोन्हींवर एकच शिक्का. अशा शिक्क्याने वाचकाला काहीच सांगितलं जात नाही, फक्त छापणाऱ्याची जबाबदारी संपते. त्यापेक्षा तीन ओळी पुरतील: कोणते आकडे मोजलेले, त्यांतून काय काढलेलं, आणि चित्रकाराने कुठली शक्यता कोणत्या कारणाने निवडली. जमलं तर दुसऱ्या शक्यतेचंही चित्र शेजारी. के२-१८बी चे समुद्र, वितळलेला खडक आणि वायूचा गोळा असे तीन चेहरे शेजारी छापले असते, तर एप्रिल २०२५ मधल्या वाचकाला तो ग्रह एका चित्रापेक्षा कितीतरी जास्त कळला असता.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. एवढ्या अटी घातल्या तर लोकांचा रस जाईल, रस गेला तर निधी जाईल. वेब दुर्बिणीचा खर्च सुमारे १० अब्ज डॉलर. असा पैसा लोकांच्या कुतूहलावरच उभा राहतो, हे खरं आहे. पण कुतूहल आणि भ्रम यांना एकच मानणं मला मान्य नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या एएलएच८४००१ या उल्केत जीवाश्म असावेत असं जाहीर झालं, अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन त्यावर व्हाइट हाउसच्या हिरवळीवर बोलले. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्रावर फॉस्फीन हा, जिवांची संभाव्य खूण मानला जाणारा वायू सापडल्याची बातमी आली. पहिल्या दाव्याला आज फारसे समर्थक उरलेले नाहीत, दुसऱ्यावर वाद अजून चालू आहे. विज्ञानात असं होणारच, त्यात लाजिरवाणं काही नाही. पण दर वेळी घोषणा मोठ्या आवाजात होते आणि दुरुस्ती जाणकारांपुरती राहते. चार-पाच वेळा असं झालं की सहाव्या वेळी, पुरावा खरोखर भक्कम असताना, लोक मान वर करून बघणार नाहीत. रस टिकवायचा असेल तर हा धोका जास्त मोठा आहे.

दाव्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हे ओळखलं आहे. नासाचे तेव्हाचे मुख्य वैज्ञानिक जिम ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली. नुसती खूण दिसली तर पहिली पायरी. ती उपकरणाचा किंवा इतर कशाचा दोष नाही हे ठरलं की दुसरी. आणि असं करत, निर्जीव कारणं एकेक वगळत, स्वतंत्र पडताळणीपर्यंत सातवी. के२-१८बी च्या बातम्यांत ही पायरी मथळ्याशेजारी छापणं मुळीच कठीण नव्हतं. चित्रांसाठी मात्र अशी कोणतीही पट्टी नाही, आणि लोकांच्या मनात राहतं ते चित्र.

मानलेल्या भागाबद्दलही एक मागणी करावीशी वाटते. परग्रहावरचे जीव म्हटलं की आपण लगेच डोळे, हात, शहरं यांच्याकडे धावतो. पृथ्वीचा इतिहास वेगळं सांगतो. इथे जीव निदान साडेतीन अब्ज वर्षं आहे. वातावरणात प्राणवायू साठू लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी; डोळ्याला सहज दिसणारे प्राणी आले ते शेवटच्या साठेक कोटी वर्षांत. लांबून कुणी पृथ्वीला तिच्या आयुष्यातल्या कोणत्याही एका क्षणी पाहिलं असतं, तर बहुतेक वेळा त्याला फक्त सूक्ष्मजीवांचं राज्य दिसलं असतं. म्हणून एखाद्या ग्रहाच्या जीवसृष्टीचं प्रामाणिक कल्पनाचित्र बहुधा खडकावरच्या रंगीत साईचं, उथळ पाण्यातल्या थरांचं असेल. त्यात चित्रकाराला कमी वाव आहे असं मला वाटत नाही. त्या साईने हवेत कोणते वायू सोडले, समुद्राचा रंग कसा बदलला, हे दाखवणं जास्त कसबाचं आहे, आणि दुर्बिणीला जे कधीकाळी दिसू शकेल तेही हेच.

डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओ यान गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या उपकरणांनी पृथ्वीवरच जीव सापडतो का हे तपासलं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत भरपूर प्राणवायू, त्याच्यासोबत टिकायला नको इतका मिथेन, वनस्पतींमुळे लाल रंगाच्या टोकाला वर्णपटात येणारी चढण आणि मुद्दाम घडवलेले वाटणारे रेडिओ संकेत होते. इतक्या जवळून जातानाही, गाय, झाड, माणूस यांतलं काही दिसलं नाही. आपल्या घराबद्दल हे असेल, तर ४० प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाबद्दल आपण किती बोलतो याचा विचार व्हायला हवा.

नासा पुढच्या मोठ्या दुर्बिणीची आखणी करत आहे. हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी असं तिचं नाव ठरलं आहे, आणि सूर्यासारख्या ताऱ्यांभोवतीच्या पृथ्वीएवढ्या ग्रहांचा प्रकाश थेट पकडणं हे तिचं काम असेल. ती उडाली आणि तिने काम केलं, तर पहिल्यांदाच अशा एखाद्या ग्रहाचं खरं छायाचित्र हाती येईल. त्यात समुद्र नसेल, ढग नसतील. एक फिकट ठिपका असेल आणि त्याचा वर्णपट. त्या दिवसासाठीचा नियम संस्थांनी आणि संपादकांनी आजच लिहून ठेवावा. ठिपका आणि वर्णपट आधी, पहिल्या पानावर. त्यांच्याशेजारी, त्याच आकारात, चित्रकारांची दोन-तीन वेगवेगळी चित्रं, प्रत्येकाखाली ते कोणत्या गृहीतावर काढलं ते. आणि ग्रह निर्जीव निघाला तरी तेवढीच जागा, तेवढ्याच मन लावून काढलेल्या उघड्या खडकाच्या चित्राला.